परिशिष्टाच्या पुढचा प्रश्न : गोव्याच्या चाळीस आमदारांना खुले पत्र

मा. सभापती महोदय व गोवा विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
पर्वरी

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातला एक निवृत्त सरकारी कारकून. राज्य सरकारच्या एका खात्यात नोकरी झाली आणि तिची बरीच वर्षे एकाच टेबलावर गेली, विधानसभेच्या प्रश्नांच्या. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की कार्यालयात सगळे आधी माझ्याकडे बघायचे. प्रश्नांची पाने यायची, त्यांवर तांबड्या शाईत 'अत्यंत तातडीचे' असा शेरा असायचा, आणि मग अधिवेशन संपेपर्यंत घरी जेवायला वेळेवर पोचणे विसरायचे. तुमच्या आधी त्या बाकांवर बसून गेलेल्या कितीतरी सदस्यांच्या प्रश्नांची उत्तरे माझ्या हातून लिहिली गेली. ती कशी लिहिली जातात हे मला ठाऊक आहे. आज जे सांगायचे आहे ते त्या टेबलावरूनच दिसलेले आहे.

प्रश्न यायचा तो साधारण असा. अमुक योजनेसाठी (अ) गेल्या तीन वर्षांत किती तरतूद केली, (ब) त्यातली किती रक्कम खर्च झाली, (क) मतदारसंघनिहाय लाभार्थी किती, (ड) तपशील द्यावा. आम्ही उपविभागांना फोन करायचो, तिथून तक्ते यायचे, ते जुळवायचे, बेरजा तपासायच्या, आणि उत्तर तयार व्हायचे : '(अ) ते (ड) : सोबतचे परिशिष्ट पाहावे.' परिशिष्ट कधी चार पानांचे, कधी दोनशे. त्यातला आकडा खोटा नसायचा. खोटा आकडा सभागृहात जाऊ नये म्हणून आम्ही रात्री दहा-दहापर्यंत बसलो आहोत. पण तो आकडा बहुतेक वेळा एवढेच सांगायचा की पैसा खात्यातून बाहेर पडला. कंत्राटदाराचे बिल चुकते झाले, खर्च दाखवला, रकाना भरला. ज्या रस्त्याने जलवाहिनी गेली त्या रस्त्यावरच्या शेवटच्या घरात पाणी चढले का, याला त्या तक्त्यात जागा नव्हती. कारण ते कोणी विचारलेलेच नसायचे.

काही वाक्ये आमच्याकडे तयार असत. 'काम प्रगतिपथावर आहे' म्हणजे कार्यादेश निघाला आहे. जागेवर माणूस असेलच असे नाही. 'निधीच्या उपलब्धतेनुसार हाती घेतले जाईल' म्हणजे यंदा नाही. 'माहिती संकलित केली जात आहे' म्हणजे मुदतीत तक्ते आले नाहीत, किंवा आले ते पाहून वरच्या कोणाला तरी धाकधूक वाटली. आणि (ब) ला 'प्रश्न उद्भवत नाही' लिहिता यावे म्हणून (अ) चे उत्तर 'नाही' असे बसते का, ते आधी पाहिले जायचे. ही वाक्ये मीही लिहिली आहेत. ती लिहिताना प्रश्न विचारणाऱ्या आमदाराच्या मागे उभी असलेली माणसे माझ्या डोळ्यांसमोर आली नाहीत, याचे मला आज वाईट वाटते.

पण मला मुख्य सांगायचे आहे ते दुसऱ्या फाइलबद्दल. तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न असला की छापील उत्तराबरोबर मंत्र्यांसाठी आणखी एक फाइल बनते. सदस्य उठून पुढे काय काय विचारू शकतील याचा अंदाज घेऊन काढलेले पुरवणी प्रश्न आणि त्यांची उत्तरे तिच्यात असतात. ही फाइल पटलावर ठेवली जात नाही. छापील उत्तरात जे काम 'प्रगतिपथावर' असते, ते नेमके कुठे अडले, कंत्राटदाराला किती नोटिसा गेल्या, परवानगीचा कागद कोणत्या खात्यात किती दिवस पडून आहे, किती घरांत नळ बसला पण धार येत नाही, हे सगळे तिथे सरळ लिहिलेले असते. ते सरळ लिहावेच लागते, कारण सभागृहात उभ्या राहणाऱ्या मंत्र्याला अंधारात ठेवून चालत नाही. प्रश्नोत्तराच्या तासाला अधिकारी आपल्या गॅलरीत ती फाइल मांडीवर घेऊन बसतात आणि लागेल तशी चिठ्ठी आत पाठवतात.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. आमचा प्रश्न पुकारला गेला. सदस्य उठले आणि आपल्या मतदारसंघावर कसा अन्याय होतो यावर पाच-सहा मिनिटे बोलले. समोरून कोणीतरी आधीच्या सरकारचे काढले. आवाज चढले, काही जण हौद्यात उतरले, तास संपला. पुरवणी प्रश्न एकही झाला नाही. आमच्या फाइलमध्ये अकरा उत्तरे होती. त्यातले चौथे एका गावाच्या पाण्याचे काम दोन वर्षे का थांबले याचे होते, आणि ते मी स्वतः टाइप केलेले होते. कोणी 'काम कोणत्या तारखेला थांबले आणि कशामुळे?' एवढे जरी विचारले असते, तरी ते उत्तर मंत्र्यांच्या तोंडून सभागृहाच्या नोंदीत गेले असते. पाठोपाठ 'मग कधी पूर्ण होणार?' असे विचारता आले असते, मंत्र्यांनी तारीख दिली असती, ती आश्वासन म्हणून नोंदली गेली असती आणि आश्वासन समितीला पुढे तिचा पाठपुरावा करता आला असता. तसे काहीच झाले नाही. ती फाइल माझ्या पिशवीतून कार्यालयात परत आली आणि कपाटात गेली. त्या गावात माझी मावशी राहत होती.

म्हणून माझी पहिली विनंती. छापील उत्तर हातात आले की भाषण करू नका, पुरवणी प्रश्न विचारा. छोटा विचारा. एका दमात एकच विचारा. उत्तर खात्याजवळ असतेच. ते बाहेर यायला तुमच्या एका वाक्याची गरज असते.

आता पाण्याचेच घेऊ, कारण घरी रोजचा विषय तोच आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा देशातले पहिले 'हर घर जल' प्रमाणित राज्य ठरले. त्याआधी २०२१ मध्ये घरगुती ग्राहकांना महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची घोषणा झाली होती. दोन्ही गोष्टी चांगल्या. नळजोडणी घरोघर पोचली हेही मोठेच काम आहे, ते करणाऱ्या अभियंत्यांना आणि कामगारांना मी ओळखतो. पण 'हर घर जल' चा निकष नुसत्या नळाचा नाही. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी दररोज ५५ लिटर पाणी, तेही नियमित यायला हवे. पाच माणसांच्या घराला म्हणजे पावणेतीनशे लिटर. आमच्या वाड्यावर उन्हाळ्यात पाणी दिवसाआड येते, कधी पहाटे चारला, कधी रात्री अकराला, आणि चढावरच्या घरांत तेवढेही चढत नाही. बायका उशाशी घड्याळ ठेवून झोपतात. टँकर येतो तेव्हा ज्याच्या घरी पिंपे आहेत त्याला मिळते, ज्याच्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे त्याच्या दोन बादल्या भरतात.

याबद्दल सभागृहात प्रश्न येतात. 'तालुक्यात किती नळजोडण्या आहेत?' उत्तर येते, परिशिष्ट येते, जोडण्या शंभर टक्के. इथे आमदाराने विचारायला हवे ते हे : अमुक वाड्यावर गेल्या मे महिन्यात किती दिवस पाणी आले आणि किती तास? त्याच महिन्यात टँकरच्या किती फेऱ्या झाल्या, त्यांची नोंदवही कोण तपासते आणि त्यांचे पैसे खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली गेले? ज्या वाड्यावर जोडण्या शंभर टक्के आहेत तिथे टँकरचे बिल निघत असेल, तर ते दोन कागद सभागृहात शेजारी शेजारी ठेवायला हवेत. तिळारी धरणाचा कालवा फुटला की बार्देश तालुक्याचे नळ आटतात, हे आता लहान मुलालाही माहीत आहे. मग कालव्याच्या दुरुस्तीसाठी गोव्याच्या वाट्याचा किती पैसा गेला, तो कोणत्या टप्प्यावर खर्च झाला आणि कालवा त्यानंतर कुठे फुटला, हे तीन प्रश्न एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक विचारता येतात. कालवा फुटतो तेव्हा घोषणा होतात, दुरुस्ती झाली की विषय मिटतो, आणि पुढच्या खेपेपर्यंत कोणी विचारत नाही.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचेही तसेच. ज्येष्ठ नागरिकांना महिन्याला २,००० रुपये मिळतात. गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे १,५०० मिळतात. ही रक्कम पर्वरीत बसून लहान वाटेल. आमच्या वाड्यावर एक काकी आहेत, त्यांचा औषधाचा आणि रेशनचा सगळा हिशेब या दोन हजारांवर उभा आहे. पैसे वेळेवर जमा झाले नाहीत की त्या पासबुक घेऊन बँकेत जातात. यंत्रात पासबुक घालतात, कोरे बाहेर येते. रिक्षाचे भाडे वाया. पुढच्या आठवड्यात परत. हयातीचा दाखला दिला होता की नाही, याची त्यांनाच शंका येऊ लागते, आपलीच काही चूक झाली असेल असे वाटते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी एकदा असे झाले तेव्हा त्यांनी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांचे सामान उधार आणले. उधारी त्यांना आयुष्यात कधी ठाऊक नव्हती.

या योजनांवर दर अधिवेशनात प्रश्न असतात : लाभार्थी किती, नवे अर्ज किती, अपात्र किती. वर्षाच्या शेवटी बेरीज बरोबर येते, कारण उशिरा का होईना पैसे जमा होतात. परिशिष्टात उशीर दिसतच नाही. तो दिसण्यासाठी एकच रकाना मागा : प्रत्येक महिन्याची रक्कम कोणत्या तारखेला बँकेत जमा झाली. बारा महिने, बारा तारखा, एक पान. हे पान करायला कारकुनाला अर्धा दिवस लागणार नाही, मी तसले तक्ते हाताने केले आहेत. आणि ते पान पटलावर आले की काकींना कळेल, चूक आपली नव्हती.

आता थोडे संख्याबळाबद्दल. १९६३ च्या डिसेंबरात गोवा, दमण आणि दीवची पहिली निवडणूक झाली तेव्हा सभागृह ३० जणांचे होते आणि विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे १२ जण होते. भाऊसाहेब बांदोडकरांसारख्या लोकप्रिय मुख्यमंत्र्यासमोर ते १२ जण प्रश्न घेऊन उभे राहायचे. माझे वडील बांदोडकरांच्या मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) कट्टर. तरीही सिक्वेरांच्या मुद्द्यांवर ते घरी तासन् तास बोलायचे. आज सभागृह ४० चे आहे. १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले आणि विरोधी बाकांवर ७ जण उरले. या पक्षांतराबद्दल मला जे वाटते ते मी मतपेटीत सांगेन. इथे फक्त हिशेब मांडतो. घटनेप्रमाणे गोव्यात मंत्री जास्तीत जास्त १२. चाळिसातून ते १२ आणि विरोधातले ७ वजा केले तर २१ उरतात, सभापती आणि उपसभापती सोडले तर १९. हे १९ जण मंत्री नाहीत. त्यांच्यावर कोणत्याही खात्याचा बचाव करण्याची जबाबदारी नाही. लोकांनी त्यांना आमदार म्हणून निवडले आहे, आणि सरकारला प्रश्न विचारण्याचा त्यांचा हक्क विरोधकांइतकाच आहे.

माझे हे पत्र सर्वांना असले तरी सगळ्यात जास्त या १९ जणांना आहे. तुमच्या मतदारसंघात नळ कोरडा असला की तुम्ही मंत्र्यांच्या केबिनमध्ये जाता, मला माहीत आहे. मंत्री 'हांव पळयतां' (मी बघतो) म्हणतात, फोन लावतात, दोन दिवसांत टँकर येतो. तुमचे आणि लोकांचे त्यावर समाधान होते. पण केबिनमध्ये सुटले ते एका वाड्याचे आणि त्या आठवड्यापुरते. त्याची नोंद कुठे नाही. शेजारच्या मतदारसंघातल्या लोकांना त्यातून काही मिळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला परत त्याच केबिनमध्ये त्याच खुर्चीवर बसावे लागते. तोच प्रश्न सभागृहात विचारलात तर उत्तर साऱ्या राज्यासमोर येते, आणि खात्याला सगळ्या वाड्यांसाठी जबाब तयार करावा लागतो. हे मी खात्यात बसून पाहिले आहे. केबिनमधला फोन आला की एक फाइल हलायची. सभागृहातला प्रश्न आला की सगळे उपविभाग हलायचे, जुने कागद वर यायचे, वर्षभर न भेटलेले कनिष्ठ अभियंते जागेवर जाऊन यायचे. सत्ताधारी आमदाराचा प्रश्न असला तर जास्तच, कारण तो राजकारणासाठी विचारला आहे असे म्हणायची कोणाला सोय नसायची. तुम्ही विचारल्याने सरकार पडत नाही. उलट मंत्र्यांना आपल्या खात्यात काय चालले आहे ते अधिवेशनाच्या निमित्ताने तरी कळते.

विरोधी बाकांवरच्या सदस्यांनाही एक सांगायचे आहे. तुम्ही सात जणांनी चाळिसांचे काम अंगावर घेतले आहे, त्याबद्दल मनापासून आदर. पण 'गेल्या दहा वर्षांची, सर्व मतदारसंघांची, नावानिशी माहिती द्यावी' असले प्रश्न घालू नका. त्यांनी खाते अडचणीत येत नाही. फक्त कारकून अडकतात, आणि तुमच्या हाती शेकडो पानांचा गठ्ठा येतो जो वाचायला तुमच्याकडे आदल्या दिवशीची एक रात्र असते. एक गाव धरा, एक काम धरा, एक वर्ष धरा. निविदा कधी निघाली, कार्यादेश कधी, काम कधी संपायचे होते, मोजमाप वहीत शेवटची नोंद कधीची, बिल कधी दिले, दोषदायित्वाचा काळ कधी संपतो. रस्ता पहिल्याच पावसात उखडला असेल तर शेवटची तारीख फार महत्त्वाची, कारण त्या मुदतीत दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या पैशाने करायची असते. ती मुदत उलटून गेल्यावर तोच रस्ता नव्या अंदाजपत्रकात येतो आणि आपण त्याचे दुसऱ्यांदा पैसे भरतो.

प्रश्न नीट धसाला न लावला की काय होते, याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. पणजीतल्या कला अकादमीच्या वास्तूचे घ्या. तिथल्या मराठी नाट्यस्पर्धा पाहत माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे हा विषय निघाला की मला शांत राहणे जड जाते. नूतनीकरणाचे काम निविदा न मागवता दिले गेले. का, असा प्रश्न सभागृहात आला. विरोधी आमदार विजय सरदेसाई विचारत होते. तेव्हाचे कला आणि संस्कृती मंत्री गोविंद गावडे यांनी ताजमहालाचा दाखला दिला, शहाजहानने तरी निविदा कुठे मागवल्या होत्या. ते वाक्य वर्तमानपत्रांत गाजले आणि चर्चा त्या वाक्याभोवतीच फिरत राहिली. कामाच्या दर्जाची तपासणी कोण करतो, रचनेचा अहवाल कोणाचा, खुल्या रंगमंचाच्या बांधकामाचे काय, हे मागे पडले. जुलै २०२३ मध्ये पावसाळी अधिवेशनाच्या तोंडावर एका रात्रीत खुल्या रंगमंचाचा भाग कोसळला. सुदैवाने खाली कोणी नव्हते. पुढे वास्तू उघडली, कलाकारांनी ध्वनी-प्रकाशाच्या तक्रारी केल्या आणि त्रुटी तपासायला कृती दल नेमावे लागले. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी उभी केलेली ती वास्तू आहे, आणि पैसा आपला आहे. त्या दिवशी सभागृहात कोणी उठून, ताजमहाल बाजूला ठेवून, तपासणीचे कागद पटलावर ठेवा असा आग्रह शेवटपर्यंत धरला असता तर बरे झाले असते.

पणजीतल्या स्मार्ट सिटीच्या खोदाईचेही तेच. धूळ, खड्डे, रहदारी यांनी लोक इतके त्रासले की प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यांवर येऊन पाहणी केली. न्यायालयाचे मी आभार मानतो. पण त्या रस्त्यावर आधी पोचायला हवी होती ती सभागृहाची समिती. पर्वरीहून पणजीला यायला फक्त मांडवी ओलांडावी लागते.

समित्यांबद्दल आणखी थोडे. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी विधानसभेची लोकलेखा समिती ही कागदावरची शोभा नाही. मनोहर पर्रीकर विरोधी पक्षनेते असताना या समितीचे अध्यक्ष होते, आणि २०११ मध्ये त्यांनी बेकायदा खाणींवरचा अहवाल तयार केला होता. त्यावरून सभागृहात आणि बाहेर वाद झाले, ते सगळ्यांना आठवत असतील. पण खाण कुठे, रॉयल्टी कुठे, परवाने कोणाचे, हे विषय गोव्याच्या घराघरांत बोलले जाऊ लागले ते त्या काळात. महालेखापालांचे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अगदी शेवटी पटलावर येतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार मथळे येतात आणि विषय संपतो. खरे काम तिथून सुरू व्हायला हवे. अहवालातला एकेक परिच्छेद समितीसमोर घेऊन सचिवांना बोलावता येते. माझ्या नोकरीत आमचे वरिष्ठ सगळ्यात जास्त तयारी करायचे ती सभागृहासाठी नव्हे, लोकलेखा समितीसमोर जायचे असले की. तिथे गोंगाट नसतो, कॅमेरे नसतात, आणि उत्तर टाळले की सदस्य पुन्हा तेच विचारतात.

आता मुळात पैशाबद्दल. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प २८ हजार कोटींच्या वरचा आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. भागाकार केला तर माणशी एक लाख नव्वद हजारांच्या पुढे जाते. यात कर्जाची परतफेड, व्याज, पगार, माझ्यासारख्यांचे निवृत्तिवेतन हे सगळे आले, म्हणजे तेवढी रक्कम माणशी मोकळी आहे असे नाही. तरीही आकडा मनात धरून ठेवा. घटनेच्या २०३ व्या कलमाने ही प्रत्येक अनुदान मागणी मान्य करण्याचा, कमी करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार तुम्हाला, फक्त तुम्हाला दिला आहे. मंत्र्यांना नाही, सचिवांना नाही. मार्च २०२५ मध्ये अर्थसंकल्प मांडला गेला ते अधिवेशन तीन दिवसांचे होते. मागण्यांवरची चर्चा पावसाळी अधिवेशनात होते, एका दिवशी अनेक खाती, आणि कपात सूचना ठरल्यासारख्या फेटाळल्या जातात. शंभर रुपयांच्या कपातीची सूचना हे पैसे वाचवायचे साधन नाही, हे मला कळते. पण त्या निमित्ताने खात्याच्या एका कामावर बोट ठेवता येते. मागणी क्रमांक उघडून त्यातले तीन रकाने पाहा : मूळ अंदाज, सुधारित अंदाज, दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च. जिथे दरवर्षी मोठी तरतूद होते आणि प्रत्यक्ष खर्च निम्माही होत नाही, तिथे घोषणा झाली पण काम झाले नाही. जिथे जवळजवळ सगळा खर्च मार्चमध्ये आहे, तिथे बिले घाईत निघाली आहेत. हे पाहायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, मी तर मॅट्रिक.

आणि भाषा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. सभागृहात तुम्ही कोंकणीत, मराठीत बोलता, ऐकून बरे वाटते. पण छापील उत्तरे बहुतेक इंग्रजीत. ती विधानसभेच्या संकेतस्थळावर येतात, म्हणजे कोणालाही मिळतात. पण आमच्या पंचायतीतल्या पंचबाईंना आपल्याच प्रभागाबद्दलचे उत्तर समजून घ्यायला दुसऱ्याकडे जावे लागते. देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ चा, गोव्याचा स्वतःचा १९९७ चा. आठ वर्षे आधी आपण तो केला होता. त्या गोव्यात उत्तर लोकांना वाचता येईल अशा भाषेत असावे, ही मागणी फार मोठी नाही. निदान ज्या प्रश्नात गावांची नावे आहेत त्यांची उत्तरे तरी कोंकणी-मराठीत द्या, म्हणजे ती ग्रामसभेत जशीच्या तशी वाचता येतील.

सरकारी प्राथमिक मराठी शाळांबद्दल मी इथे लिहीत नाही, त्याचे वेगळे पत्र होईल. एवढेच म्हणेन की 'किती शाळा बंद झाल्या' असे विचारू नका, उत्तरात 'विलीनीकरण' येईल. विलीन झालेल्या शाळेतली मुले आज किती किलोमीटर जातात आणि कशाने जातात, ते विचारा.

मंत्रिमहोदयांना वेगळे काही लिहायचे नाही, फक्त एक. पुरवणी प्रश्न आला आणि उत्तर फाइलमध्ये असले, तर ते द्या. कपाटात परत पाठवू नका. अडचण असेल तर अडचण सांगा. पाणी का आले नाही हे कळले तर आमचे लोक थांबतात, त्यांनी आयुष्यभर थांबूनच घेतले आहे. तारीख मिळाली तर त्या तारखेपर्यंत थांबतात.

माझी पत्नी नळाला पाणी आले की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहून ठेवते, बंद झाले की तीही वेळ लिहिते. टँकर आला तर 'टँ' आणि किती बादल्या मिळाल्या तो आकडा. तीन उन्हाळ्यांची पाने तिने जपून ठेवली आहेत. त्यांच्या प्रती मी विधानसभा सचिवालयाच्या पत्त्यावर या पत्रासोबत पाठवत आहे. मार्च ते जून, तीन वर्षे, बारा पाने. पुढच्या अधिवेशनात तुमच्यापैकी ज्यांना पाण्याचा प्रश्न घालायचा असेल त्यांनी ती घ्यावीत, खात्याकडून त्याच महिन्यांच्या पुरवठ्याच्या आणि टँकरच्या नोंदी मागवाव्यात आणि दोन्ही पाने पटलावर ठेवावीत. कोणत्या पक्षाचा आमदार ती घेतो, याच्याशी आम्हाला काही देणेघेणे नाही. त्या दिवशी मी आणि माझी पत्नी प्रेक्षक गॅलरीत येऊ. तिने पर्वरीचे सभागृह अजून आतून पाहिलेले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कारकून,
डिचोली तालुका